त्या दिवशी मी कोण होते

१२ जानेवारी

पास झाले. तिसऱ्या खेपेला. पहिल्यांदा अकरा मार्कांनी राहिले होते, दुसऱ्यांदा दोन मार्कांनी. ते दोन मार्क वर्षभर घशात अडकून बसले होते, आज एकदाचे गिळले.

आईने सकाळपासून फोन सोडलेला नाही. प्रत्येकाला तेच सांगते, "झाली बाई आमची डॉक्टर." पदवी घेऊन आले होते तेव्हाही तिने हेच सांगितलं होतं, त्यामुळे पलीकडची माणसं जरा गोंधळतात. मग आई समजावते की तिकडे शिकलेल्यांना इकडे येऊन पुन्हा परीक्षा द्यावी लागते. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "एकाच मुलीला दोनदा डॉक्टर केलं. आता तिसऱ्यांदा करायला लावू नकोस."

सहा वर्षं परक्या भाषेत शिकले. त्यानंतरची दोन वर्षं या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. आता फक्त नोंदणी राहिली. कागद दिले की नंबर मिळतो म्हणतात.

१९ जानेवारी

कागद दिले की नंबर मिळत नाही.

मेडिकल कौन्सिलच्या तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी माझी फाइल शेवटच्या पानापासून उलटी वाचली. पदवीवर माझं आडनाव एका अक्षराने वेगळं आहे. तिकडच्या भाषेत आमच्या आडनावातला तो उच्चारच नाही, म्हणून त्यांनी जवळचा दुसरा बसवून दिला होता. सहा वर्षं मला त्याचं हसू यायचं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ही आणि तुम्ही एकच आहात असं विद्यापीठाकडून परस्पर आमच्याकडे पत्र आलं पाहिजे. तुमच्या हातून आलेलं चालणार नाही.

मी विचारलं, किती दिवस लागतात? त्या म्हणाल्या, "काहींचं तीन महिन्यांत येतं. काहींचं येतच नाही."

पत्र आल्याशिवाय नंबर नाही, नंबराशिवाय काम नाही. धड शिकाऊ नाही, धड डॉक्टर नाही. विद्यापीठाला चार ईमेल केले.

२ फेब्रुवारी

सरांकडे जायला लागले. दोन रस्ते सोडून त्यांचं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे. आईचं गुडघ्याचं औषध त्यांच्याकडे असतं, तिनेच शब्द टाकला. सर म्हणाले, "घरी बसून हात गंजतील. ये, बघ, शीक. मला मुलगी नाही, तूच माझी मुलगी." मला एकदम भरून आलं. दोन वर्षांत मला कुणी 'ये' म्हटलं नव्हतं.

सरांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले. ॲप्रन घालायचा, पण नावाची पट्टी लावायची नाही. केसपेपरवर माझ्या अक्षरात एक शब्द लिहायचा नाही, सिस्टर लिहितील. हजेरीच्या वहीत सही नाही. "तुझ्याच काळजीपोटी सांगतो. नंबर येईपर्यंत तुझं अक्षर कुठे दिसायला नको." किती बारीक विचार करतो हा माणूस.

११ फेब्रुवारी

आज हॉस्पिटलचा वजनकाटा दुरुस्त करायला एक काका आले. काट्यांचंच दुकान आहे त्यांचं, सगळे त्यांना काटेवाले काका म्हणतात. साठीच्या आतले, सडपातळ, कानावर पेन्सिल. कुणी बोलावलं नव्हतं. काकूंना दाखवायला आले होते, तेव्हा काट्यावर उभं राहताच त्यांच्या लक्षात आलं की हा दोन किलो जास्त दाखवतो. आज स्वतःहून पेटी घेऊन हजर. म्हणाले, औषधाचा डोस वजनावर ठरतो ना, मग काटा खोटं कसा बोलतो? सर म्हणाले होते, असू द्या, चालतंय. काका हसून खाली बसले आणि तासभर खटपट करत राहिले.

झाल्यावर पहिलं वजन माझं केलं. "डॉक्टरीणबाई, जरा खात जा. काटा आता खरा आहे, त्याच्यावर ढकलता येणार नाही."

मला डॉक्टरीणबाई म्हणणारे ते या हॉस्पिटलातले पहिलेच. सर मला 'बेटा' म्हणतात, सिस्टर 'मॅडम'.

१ मार्च

विद्यापीठाचं उत्तर आलं, पत्र पाठवतो म्हणून. चार ओळींचं ईमेल मी इतक्या वेळा वाचलं की आईला वाटलं काहीतरी वाईट आहे.

खिडकीवर गेले तर नवीन कागद: प्रतिज्ञापत्र. 'नोंदणी मिळण्यापूर्वी मी कोठेही वैद्यकीय व्यवसाय केलेला नाही व करणार नाही. हे खोटे आढळल्यास माझी नोंदणी रद्द होण्यास मी पात्र राहीन.'

बाबा पस्तीस वर्षं कोर्टाबाहेर टेबल मांडून टायपिंग करतात. असली प्रतिज्ञापत्रं त्यांनी झोपेतही टाइप केली असतील. आज माझं करायला बसले आणि दुसऱ्या ओळीवर थांबले.

"हे खरं आहे ना?"

मी म्हटलं, मी तिथे शिकायला जाते. सही सरांची असते, निर्णय सरांचा असतो.

बाबा यंत्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्यासमोर सगळेच खरं सांगतात. मी फक्त बटणं दाबतो." आणि पुढचं टाइप केलं. मी सही केली. त्यांच्या बोलण्याचा राग आला. घरचंच माणूस असं बोललं तर बाहेरच्यांचं काय.

१५ मार्च

सर आता सकाळी दहा ते एक शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या हॉस्पिटलात बसतात. इथली ओपीडी त्या वेळात मीच बघते. रोज तीस-पस्तीस पेशंट. कपाटात सरांनी सह्या करून ठेवलेले कोरे कागद असतात. मी सांगते, सिस्टर त्यावर औषधं लिहितात. काही अडलं तर ड्यूटीच्या मोबाइलवरून सरांना विचारायचं.

सिस्टर इथे अठरा वर्षं आहेत. जेवताना म्हणाल्या, "तुम्ही आलात म्हणून सरांना तिकडचं काम घेता आलं. आधी एक मुलगा होता, तोही तुमच्यासारखा बाहेरून शिकून आलेला. चांगला होता बिचारा." मी विचारलं, त्याला नंबर मिळाला का? सिस्टर डबा बंद करत म्हणाल्या, "गेला तो."

गेला म्हणजे मिळाला असणार. म्हणजे इथून गेलेल्याचं काम होतं तर. बरं वाटलं.

आत्मविश्वास येतो आहे. काल एका बाईचा थायरॉइड मी नुसत्या आवाजावरून ओळखला.

२२ मार्च

जसं घडलं तसं लिहिते. आज लिहिलं नाही तर उद्या मला दुसरंच आठवेल.

अकरा वाजून पाच मिनिटांनी काटेवाले काका आणि काकू रिक्षातून आले. काका स्वतः चालत आत आले. पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, मळमळतंय, गॅस झालाय म्हणाले. शर्ट घामाने भिजलेला. जबडा चोळत होते. मी विचारलं, दात दुखतो का? म्हणाले, "दात नाही हो, सगळं खालचं तोंडच जड झालंय."

सव्वाअकराला ईसीजी काढला. पट्टी मशीनमधून बाहेर येत होती तेव्हाच दिसलं. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. असा ईसीजी मी पुस्तकात शंभर वेळा पाहिला आहे, परीक्षेतही आला होता. ॲस्पिरिन चावून खायला लावली. सलाईन सुरू केलं. जिभेखालची गोळी दिली नाही, या प्रकारच्या झटक्यात तिने बीपी कोसळू शकतं. हे सगळं मला येत होतं. येत होतं म्हणूनच लिहायला जड जातंय.

काकूंना सांगितलं, हा हृदयाचा झटका आहे, आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, तिथे रक्तवाहिनी उघडतात. मोठं हॉस्पिटल वीस मिनिटांवर आहे. काकू पिशवी उचलून उभ्याच राहिल्या.

सरांना फोटो पाठवून फोन केला. म्हणाले, "पट्टी हललेली दिसते. गॅसचं इंजेक्शन दे, मी एकला येऊन बघतो." मी म्हटलं, सर, मला अगदी नक्की वाटतंय. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, रेफर कोणाच्या सहीने करणार आहेस?"



मग त्यांनी फोन काकूंना द्यायला सांगितला. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण काकूंचा चेहरा सैल होत गेला. फोन ठेवून मला म्हणाल्या, "मोठे डॉक्टर म्हणतात काही नाही, मुलगी नवीन आहे, घाबरते." आणि पिशवी खाली ठेवून बसल्या.

मी बोलायला हवं होतं. कपाट उघडं होतं, आत सरांच्या सहीचे कोरे कागद होते. एकावर चार ओळी लिहायच्या, रिक्षा थांबवायची. मी दोनदा कपाटापर्यंत गेले. दोन्ही वेळा डोक्यात काकांचा ईसीजी नव्हता. प्रतिज्ञापत्र होतं.

बारा पस्तीसला काका सिस्टरला म्हणाले, "उशी जरा वर करा." उशी वर करता करताच गेले. मी छाती दाबत राहिले. सिस्टर मास्क धरून रबरी पिशवीने श्वास देत होत्या. शॉकचं मशीन आमच्याकडे आहे, त्याची बॅटरी चार्ज नव्हती. एक दहाला सर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुरे."

काकू दारात उभ्या होत्या. त्या रडत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

२३ मार्च

गेले नाही. आईला ताप आहे म्हणून सांगितलं. तिने कपाळाला हात लावला आणि पांघरूण घातलं.

२४ मार्च

सरांनी बोलावून घेतलं. काकूंच्या भावाने कौन्सिलकडे तक्रार केली आहे.

मला वाटलं सर ओरडतील. उलट त्यांनी चहा मागवला. म्हणाले, झालं ते झालं, तुझं आयुष्य उभं राहायचं आहे. केसपेपर त्यांनी माझ्यासमोर ठेवला. सिस्टरचं अक्षर. 'दु. १२.४० वा. रुग्णास आणले असता नाडी लागत नव्हती.' ईसीजी नाहीच. ड्यूटीच्या मोबाइलमधला फोटोही नाही.

मी म्हटलं, पण सर, ते चालत आले होते.

"आणि तपासलं कोणी?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, "तू इथे फाइली लावायला येतेस. दुसरं काही म्हटलंस तर तुझी नोंदणी जन्मात होणार नाही, वर पोलीस केस. मला माझं काही नाही, माझी वीस वर्षं झाली. तुझं बघतो मी."

टाइप केलेला जबाब तयारच होता. मी हॉस्पिटलमध्ये कागदपत्रं लावण्याचं काम करते, रुग्णतपासणीशी माझा संबंध नाही, सदर रुग्णास मी पाहिलेले नाही. मी सही केली. निघताना सर म्हणाले, आता नंबर येईपर्यंत घरीच राहा.

सरांनी मला वाचवलं. दिवसभर मनाशी हेच म्हणते आहे. मग जेवण का जात नाही?

८ एप्रिल

काकू घरी आल्या. पत्ता सिस्टरने दिला असावा. आईने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या कोण हे तिला माहीत नव्हतं.

काकू सावकाश बोलल्या. कौन्सिलचे लोक म्हणतात की माणूस मेलेलाच आणला होता. "तुम्ही तर त्यांना गोळी चावायला दिलीत. हे म्हणाले कडू आहे. मेलेला माणूस कडू म्हणतो का?" मग म्हणाल्या, मला कुणाशी भांडायचं नाही, तुम्ही मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणाला होतात, तेवढं फक्त तिथे सांगा.

मी म्हटलं, मला तसं सांगता येणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. उठताना पाण्याचा पेला स्वयंपाकघरापर्यंत नेऊन ठेवला.

त्या गेल्यावर आईने विचारलं, कोण होत्या? मी सांगितलं, पेशंटची बायको. "कोणाच्या पेशंटची?" आईने विचारलं. मी खोलीत जाऊन दार लावलं.

२० एप्रिल

विद्यापीठाचं पत्र पोचलं. आज नंबर मिळाला. तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी वहीत नाव लिहिलं, या वेळी सगळी अक्षरं बरोबर. पहिल्यांदाच हसल्या. "जा, आता कुणाच्या बापाला भिऊ नका."

पायऱ्यांवर बसून राहिले. आठ वर्षं ज्या कागदाची वाट पाहिली तो मांडीवर होता आणि मला तो पिशवीत घालवेना.

आईने पुन्हा सगळ्यांना फोन केले.

५ मे

सरकारी दवाखान्यात मुलाखत झाली. पुढच्या महिन्यात रुजू व्हा म्हणाले. त्यांनी विचारलं, नोंदणीपूर्वीचा काही अनुभव? मी म्हटलं, नाही. आता हे खोटं तोंडात आपोआप येतं, थुंकी गिळावी तसं.

कौन्सिलमध्ये काकांच्या तक्रारीची सुनावणी बारा तारखेला आहे. काकूंच्या भावाने निरोप पाठवला होता. नुसती तारीख, बाकी काही नाही.

बाबांना सगळं सांगितलं. कपाटाचंसुद्धा. वाटलं होतं, गप्प बस म्हणतील, किंवा जा म्हणतील. दोन्हींपैकी एक ऐकायलाच मी गेले होते. ते म्हणाले, "मी पस्तीस वर्षांत एक पाहिलंय. खोटा कागद लगेच लागू होतो. खऱ्या कागदाला साक्षीदार लागतात."

"मग काय करू?"

"मला विचारू नकोस. पहिला कागद मीच टाइप केला होता."

९ मे

आज बाबांकडूनच टाइप करून घेतलं. मी सांगत होते, ते टाइप करत होते. अकरा पाचला चालत आले. सव्वाअकराला ईसीजी. मी, नोंदणी नसताना, रुग्णास तपासले व औषध दिले. 'व औषध दिले'पाशी ते थांबले नाहीत. दीड पान झालं. शेवटी म्हणाले, एकदा वाचून घे, मग सही कर. सगळ्यांना सांगतात तसंच.

या वहीतल्या बावीस मार्चच्या पानांची प्रतही जोडली आहे.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. नंतर एवढंच म्हणाली, "त्या बाईने पेला उचलून ठेवला तेव्हाच मला कळलं होतं."

१२ मे

सुनावणीची खोली लहान, पंखा मोठा. टेबलामागे चौकशी अधिकारी, स्वतः म्हातारे डॉक्टर, आवाज अतिशय सौम्य. एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला काकू आणि त्यांचा भाऊ. सिस्टरची साक्ष आधीच झाली होती, त्या बाहेरच्या बाकावर हातरुमालाच्या घड्या करत बसल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्यावर रागावता येत नाही, अठरा वर्षं त्यांचं घर त्या हॉस्पिटलावर चालतं.

मी माझा कागद दिला. अधिकाऱ्यांनी पूर्ण वाचला. मग फाइलमधून माझाच चोवीस मार्चचा जबाब काढून शेजारी ठेवला.

"ही सही तुमची?"

"हो."

"आणि ही?"

"हीसुद्धा."

"त्या दिवशी तुम्ही नोंदणीकृत डॉक्टर होता का?"

"नाही."

"मग या कागदानुसार तुम्ही कारकून होता आणि या कागदानुसार डॉक्टर होता. पण डॉक्टर तर तुम्ही नव्हतात. ईसीजी होता, झटका होता, हे मत मी कोणाचं म्हणून नोंदवू?"

मी म्हटलं, मी पाहिलं होतं. वहीत त्याच दिवशी लिहूनही ठेवलं आहे. त्यांनी वहीच्या पानांची प्रत हातात घेतली, बाबांच्या वयाच्या माणसाला शोभेल अशा हळुवारपणे, आणि म्हणाले, "बाळ, हे तुम्ही काल रात्री लिहिलं नाही, हे मला कसं कळावं?"

सर मान हलवत होते. रागाने नाही. मुलीचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून बापाला वाईट वाटावं तसं. आज पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटली. नावाची पट्टी नको, अक्षर नको, सही नको. हे सगळं माझ्या काळजीपोटी होतं असं मी फेब्रुवारीपासून मानत आले.

अधिकाऱ्यांनी एक मार्ग सुचवला. कागद परत घ्या, मी तो पाहिलाच नाही असं समजतो. तुमच्या भल्यासाठी सांगतो. या कागदाने डॉक्टरांविरुद्ध काहीच सिद्ध होत नाही, तुमच्याविरुद्ध मात्र सगळं होतं.

मी काकूंकडे पाहिलं. त्या कागदाकडे पाहत होत्या, त्यांचा माणूस त्या दीड पानात असावा तशा. मी म्हटलं, राहू द्या. अधिकाऱ्यांनी मान हलवून त्यावर आवक शिक्का मारला आणि पोच दिली.

धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. परत घ्यायला हात पुढे झाला नाही, इतकंच.

३ जून

दोन पत्रं एकाच दिवशी.

तक्रार निकाली: उपलब्ध नोंदींवरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.

दुसरं माझ्या नावे, कारणे दाखवा नोटीस. 'आपण स्वतः लेखी मान्य केल्यानुसार' नोंदणीपूर्वी व्यवसाय केला, खोटे प्रतिज्ञापत्र दिले, सबब आपली नोंदणी पुढील आदेशापर्यंत स्थगित. पंधरा दिवसांत खुलासा करावा. म्हणजे माझा कागद काकांच्या बाबतीत खोटा आहे आणि माझ्या बाबतीत खरा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सरकारी दवाखान्याला फोन करून कळवलं. तिकडच्या माणसाने विचारलं, मग केव्हा येऊ शकाल? मी सांगितलं, माहीत नाही.

बाबा नोटीस वाचून म्हणाले, "अवतरणातली ओळ माझ्या मशीनवरची आहे." चष्मा काढून पुसत बसले. खुलासा काय लिहायचा ते दोघांनाही सुचलं नाही. काकांची चौकशी सव्वादोन महिन्यांत संपली. स्थगिती किती वर्षं चालते ते खिडकीतल्या बाईंनाही सांगता येईना.

आईने आज कुणालाही फोन केला नाही.

६ जून

काकूंकडे गेले. निकाल त्यांना आधीच कळला होता. दुकान बंद आहे, काकू राहतात त्याच्या मागच्या खोलीत. भिंतीला टेकवलेले दुरुस्तीचे काटे, प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी. काकू एकेकाला बोलावून परत देताहेत.

मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी अर्ध्यावर थांबवलं. "ते राहू द्या. मला एक विचारायचंय, खरं सांगाल?"

मला वाटलं, कपाटाविषयी विचारतील. त्यांना कपाट माहीतच नव्हतं.

त्या म्हणाल्या की त्या दिवशी काका दहालाच दुखतंय म्हणाले होते. काकूंना वाटलं अपचन असेल. त्यांनी सोड्याचं पाणी दिलं, पाठ शेकली, जरा पडा म्हटलं. असा पाऊण तास गेला. मग रिक्षा शोधली. "इतके दिवस सगळे तुमच्या डॉक्टरांचं बोलतात. मी मात्र त्या पाऊण तासाचं धरून बसलेय. भावालाही सांगितलं नाही. मीच घालवलं का हो त्यांना?"

म्हणजे त्या माझ्याकडे आल्या होत्या, सुनावणीला बसल्या होत्या, ते यासाठी. सरांना शिक्षा व्हावी म्हणून नाही. आणि आठ एप्रिलला मी सांगता येणार नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. दोन महिने त्या हे घेऊन बसल्या.

मी त्यांच्याजवळ खाली बसले. जमिनीवर बोटाने हृदय काढून दाखवलं. ही रक्तवाहिनी, इथे अडली. अडल्यावर किती वेळ हातात असतो, ते सांगितलं. तुम्ही पाऊण तास घालवलात, तो सगळ्यांकडून जातो. तरीही तुम्ही आणलंत तेव्हा ते चालत होते, बोलत होते. तेव्हा वेळ होता. मोठं हॉस्पिटल वीस मिनिटांवर होतं.

"मग वेळ गेला कुठे?"

"आमच्याकडे," मी म्हटलं. "अकरा पाचपासून बारा पस्तीसपर्यंत. दीड तास. मला कळलं होतं आणि मी तुम्हाला बसू दिलं." कपाटाचंही सांगितलं.

मला वाटलं, आता हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं. त्या उठल्या, काकांच्या बिलबुकातला एक कोरा कागद फाडून आणला आणि म्हणाल्या, "हे लिहून द्या. वेळेसकट."

मी म्हटलं, काकू, या कागदाचा कुठे उपयोग होणार नाही. माझी सही आता चालत नाही.

"कुठे न्यायचाय कुणाला? मला घरात ठेवायचाय."

मी सगळं लिहिलं, पाऊण तास सगळ्यांकडून जातो आणि त्यानंतरही वेळ होता, हेसुद्धा. सहीच्या आधी डॉक्टर लिहिलं नाही, नुसतं नाव लिहिलं. काकूंना छापील वाचता येतं, हाताचं अक्षर लागत नाही, म्हणून वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. त्यानंतर म्हणाल्या, सगळं नको, ती पाऊण तासाची ओळ तेवढी परत एकदा.